तुझे बाबा म्हणजे साक्षात

बोळिंज, विरार (पश्चिम)
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप चंद्रहासमामा यांस,

बोळिंजहून तुमच्या भाच्याचा, परेशचा, जमिनीला कपाळ टेकून नमस्कार. (पत्रात लिहायची पद्धत म्हणून नाही. काल दुपारपासून कपाळ वर उचलायची सोयच राहिलेली नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी देतात ते तेल खरंच लावता, की लांबूनच 'लावलं गं' म्हणता? मोतीबिंदू काढल्यापासून तुम्ही कुडाळच्या बाजारात दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका दाखवत फिरता आणि दोघातिघांनी तुम्हाला येताना बघून शटर खाली ओढलं, असं आई सांगत होती. ऐकून बरं वाटलं. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाने निवृत्तीनंतर हातातली लाल पेन्सिल खाली ठेवायची तरी कुठे? इथे आई मजेत आहे. मी मजेत नाही.

भाचा पत्र कसं काय लिहितोय असं वाटेल, म्हणून आधीच सांगतो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणजे मला ओरडावं लागणार, आणि जे सांगायचंय ते आई पलीकडच्या खोलीत असताना ओरडून सांगण्यासारखं नाही. शिवाय माझा फोन मी काल दुपारी घरी आल्या आल्या बंद करून तांदळाच्या डब्यात पुरलाय. शेवटचं बघितलं तेव्हा त्यावर एकशे सदतीस मिस्ड कॉल होते आणि एकशे अडतिसावा येत होता.

मामा, मी हादरलोय. माणूस हादरतो म्हणजे नक्की काय होतं ते मला आजवर माहीत नव्हतं. मला राग यायचा, तो तुम्हाला ठाऊकच आहे (पाचव्या सेमिस्टरला प्रॅक्टिकलच्या परीक्षकांनी अपमान केला तेव्हा मी तत्त्वासाठी जर्नल टेबलावर ठेवून बाहेर पडलो आणि कॉलेज सुटलं, त्यावर आपलं बोलणं झालेलं आहे, पुन्हा नको). पण राग आला की माणूस उभा राहतो. हे जे झालंय त्याने मी बसलोच. काल दुपारपासून बसलेलाच आहे. प्रश्न एकच आहे, विनया यापुढे माझं तोंड बघणार की नाही. नोकरी, अब्रू, तंगड्या वगैरे शाबूत राहतात का ते त्यानंतर बघू.

विनया म्हणजे कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसणारी, अर्नाळ्याच्या रामनाथकाकांची मुलगी. (मागच्या गणपतीत तुम्ही विचारलंत, "कोणी आहे का रे?" आणि मी "छे!" म्हणालो. ती हीच.) तिने रीतसर डिग्री घेतली. चांगली नोकरी मिळेपर्यंत ती सकाळच्या वेळी गावातल्या दर्यासखा मच्छीमार संस्थेच्या ऑफिसात बसते. रामनाथकाका त्या संस्थेचे बावीस वर्षं सचिव. उंच, सडसडीत, ताठ माणूस. हसताना कोणी पाहिलेलं नाही. आणि मी आगाशीच्या बाजारात नेल्सनच्या कॉम्प्युटरच्या दुकानात काम करतो. हा नेल्सन तसा देवमाणूस, पण घाईचा. संस्थेच्या सगळ्या सूचना त्याच्या दुकानातून जातात. वारा सुटणार आहे, बर्फाची गाडी उशिरा येईल, जाळी सुकवायच्या जागेवरून भांडू नका, असल्या. संस्थेच्या ऑफिसात टेबलावर एक फोन ठेवलेला असतो, तो विनयाच्या ताब्यात. आमच्या दुकानातल्या प्रोग्रामने मजकूर धाडला की तो फोन आपोआप सभासदांच्या ग्रुपवर टाकतो. सभासद दोनशे बारा. त्या ग्रुपवर फक्त तो एक फोन बोलू शकतो, बाकीच्यांनी गपगुमान वाचायचं. पूर्वी गावात दवंडी पिटायचे, तसंच समजा. प्रोग्राम मजकुराच्या आधी स्वतःहून 'सूचना' आणि शेवटी 'आपला, रामनाथ, सचिव' असं चिकटवतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

आता भांडण कशावरून झालं ते. मी केलेला एक प्रोग्राम मी विनयाला दाखवला. कौतुक करेल असं वाटलं होतं. तिने पाच मिनिटांत चौदा चुका काढल्या आणि म्हणाली, "परेश, दर वेळी मी लाल पेन घेऊन बसायचं का? लिहिता लिहिता तपासणारं काहीतरी लाव ना तुझ्या एडिटरला." मी त्यावर थोडासा चढ्या आवाजात बोललो. तेव्हापासून अकरा दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. पहिल्या दिवसापासूनच जेवण जाईनासं झालं, आठव्या दिवशी मला पश्चात्ताप झाला, आणि अकराव्या दिवशी, म्हणजे काल मंगळवारी, मी ठरवलं की तिने सांगितलेलं ते तपासणारं लावायचंच. लावायचं, आणि जाऊन सांगायचं, बघ, तुझं ऐकलं.

हे तपासणारं म्हणजे काय, ते तुम्हाला तुमच्या छापखान्याच्या भाषेत सांगतो. आम्ही लिहितो तो प्रोग्राम म्हणजे मजकूर. तो वाचून यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो असतो तो कंपायलर. हा भयंकर शिस्तीचा. एक खूण राहिली तरी पान परत फेकणार. एरवी आपण सगळं लिहून झाल्यावर त्याच्यापुढे ठेवतो आणि मग शिव्या खातो. पण एडिटरमध्ये (म्हणजे आम्ही ज्यात टाइप करतो त्या प्रोग्राममध्ये) अशी सोय करता येते की आपण टाइप करता करता जरा थांबलो, अर्धा सेकंद जरी थांबलो, की एडिटर लिहिलंय तेवढ्याची गुपचूप एक नक्कल काढतो, ती कंपायलरकडे देतो, आणि कंपायलर म्हणेल त्या ओळीखाली लाल रेघ ओढतो. म्हणजे तुम्हीच, मामा, माझ्या खांद्यावरून वाकून बघताय, आणि मी हात थांबवला की पेन्सिल टेकवताय. किती सुंदर कल्पना! (माझे डोळे भरून आले होते. अकरा दिवस जेवण नसलं की येतात.)

फक्त एक गोष्ट त्याला सांगून ठेवावी लागते. कंपायलरने काय काय करायचं त्याची एक यादी असलेली फाइल असते, मेकफाइल म्हणतात तिला. तिच्यात तपासणीसाठी वेगळी नोंद करायची, आणि त्या नोंदीत स्पष्ट लिहायचं की बाबा रे, फक्त व्याकरण बघ, बाकी कशाला हात लावू नकोस. हे सगळं त्या एडिटरच्या माहितीपुस्तकात चौथ्या परिच्छेदात आहे. मी तिसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचलं होतं. (सगळे परिच्छेद वाचायचा स्वभाव असता तर कॉलेज कशाला सुटलं असतं?) तिसऱ्या परिच्छेदात एवढंच होतं की अशा अशा नावाची नोंद हवी. मग मी मेकफाइलमध्ये नेल्सनने पूर्वी केलेली नोंद होती, तीच उचलून खाली चिकटवली आणि तिला नवं नाव दिलं.

आता नेल्सनची कामाची पद्धत. सूचनेचा मजकूर वेगळ्या फाइलीत ठेवावा, एवढी त्याला उसंत नाही. तो मजकूर प्रोग्रामच्या पोटातच लिहायचा, अवतरणचिन्हांत. चाचणीसाठी खोटी यादी करावी, तेही नाही. खरी यादी आहे ना, मग खोटी कशाला, असं त्याचं म्हणणं. आणि कंपाइल करणं वेगळं, पाठवणं वेगळं, असे दोन हुकूम कोण देत बसणार, म्हणून त्याच्या नोंदीत एकामागून एक दोन्ही होतं. कंपायलरला मजकूर पसंत पडला की प्रोग्राम तिथल्या तिथे चालवायचा. म्हणजे सूचना पाठवायची.

मामा, तुमच्या लक्षात आलं का? तुम्ही पान तपासायला घेतलंत. चूक नाही असं दिसलं. आणि तुम्ही तसेच उठून ते छापलंत आणि गावभर वाटून आलात. मग परत येऊन माझ्या खांद्याशी उभे राहिलात. मी पुढचा शब्द लिहिला, थांबलो. तुम्ही पुन्हा छापून वाटून आलात.

मला हे काहीही माहीत नव्हतं. मी मंगळवारी सकाळी अकराला दुकानात एकटा होतो. नेल्सन प्रिंटरची शाई आणायला वसईला गेला होता. सगळं लावून झालं होतं, आता चालतंय का ते बघायला चार ओळी लिहायला हव्या होत्या. नेहमीचा सूचनेचा प्रोग्राम उघडला, जुनी सूचना पुसली आणि अवतरणचिन्हांत लिहिलं, विनया. बस, एवढंच. पाठवायचं नव्हतं. साधं सेव्हसुद्धा करायचं नव्हतं. नुसतं तिचं नाव त्या काळ्या पडद्यावर कसं दिसतं ते बघायचं होतं. आणि बघत बसलो. अर्ध्या सेकंदापेक्षा पुष्कळ जास्त.

अर्नाळ्यात दोनशे बारा फोन वाजले. 'सूचना. विनया. आपला, रामनाथ, सचिव.'

लाल रेघ आली नाही. मला काय आनंद झाला! आता दुसऱ्या कोणी अशी फाइल लिहिली असती तर तो भराभर टाइप करून मोकळा झाला असता आणि सगळ्यात मिळून दोन सूचना गेल्या असत्या. पण प्रेमात पडलेला माणूस टाइप करतो कसा? एक शब्द लिहितो आणि खिडकीबाहेर बघतो. 'विनया, परत' लिहिलं, खिडकीबाहेर बघितलं. 'विनया, परत ये.' पुन्हा खिडकी. 'विनया, परत ये. तुझ्याशिवाय' इथे उठून पाणी प्यायलो. 'तुझ्याशिवाय जेवण जात नाही.' आणि एडिटर इतका सालस की सुरुवातीचं अवतरणचिन्ह दिलं की शेवटचं तो आपण होऊन लावून ठेवतो, त्यामुळे माझं वाक्य कितीही अर्धं असलं तरी कंपायलरच्या लेखी ते पुरंच. त्या दोन चिन्हांच्या आत कोणी काय लिहिलंय, कोणासाठी लिहिलंय, त्याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. मी मात्र समजत होतो की माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या कामात एकही चूक निघत नाहीये.

अर्नाळ्यात काय झालं ते मला नंतर नेल्सनकडून कळलं, ते सांगतो. गावाने सरळ अर्थ लावला. रामनाथ सचिवांची पोरगी घर सोडून गेली आणि बाप ग्रुपवर हाक मारतोय. पुढच्या सूचनेत 'मी रागाच्या भरात बोललो' असं आलं, आणि त्यापुढच्या तिन्हींमध्ये 'माझंच चुकलं' (मला ते वाक्य कुठे ठेवू ते ठरत नव्हतं, म्हणून आधी सुरुवातीला, मग मधे, मग शेवटी घालून बघितलं). मामा, रामनाथकाकांनी बावीस वर्षांत कोणत्याही सभेत 'माझं चुकलं' म्हटलेलं नाही. ते एका सकाळी तीनदा आलं म्हटल्यावर गावाला वाटलं, पोरीने जिवाचं काही केलं असणार. बाया वाळत घातलेली मासळी तशीच टाकून धावल्या. जेट्टीवर, सुरूच्या बागेत, देवळामागे, चर्चच्या आवारात शोध सुरू झाला. एक होडी किल्ल्याच्या बेटाला चक्कर मारून आली. आणि भरतीला निघालेल्या, पण फोनच्या रेंजच्या पलीकडे न गेलेल्या सतरा बोटी दर्यात वळल्या आणि किनाऱ्याला लागल्या. मी आगाशीत बसून खिडकीबाहेर बघत होतो आणि सतरा बोटी वळत होत्या!

त्यातली एक बोट खुद्द रामनाथकाकांची. ते स्वतः समुद्रात होते आणि स्वतःच्या सहीच्या सूचना स्वतः वाचत होते. बरोबरचे खलाशी सांगतात, पहिली वाचून ते म्हणाले, "ह्ये मी कवा लिवलं?" आणि चौथी वाचून सुकाणू फिरवलं. उतरले तर समोर रोनाल्ड. बोट लावायच्या जागेवरून या दोघांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. रोनाल्डने कमरेइतक्या पाण्यात येऊन त्यांना मिठी मारली आणि म्हणाला, "रामनाथ, तू माफी मागितलीस ना, माजापन सगला राग गेला." आणि दोघं पाण्यात उभे राहून रडले. रामनाथकाका कशासाठी रडत होते ते त्यांनाच माहीत.

आणि विनया कुठे होती? विनया ऑफिसात खुर्चीवर बसली होती. त्या फोनसमोर. बाहेरून माणसं धावत होती, आत डोकवायचं कोणाला सुचलं नाही. शेवटी मेरीमावशी (सुकी मासळी विकते, संस्थेची जुनी सभासद) धापा टाकत आत शिरली आणि तिलाच सांगू लागली, "अगो विनया, बसलीस काय? ऊठ! ती विनया पलाली ना!" मग तिच्याकडे नीट बघितलं आणि खाली बसली. विनयाने तिला पानी दिलं (मेरीमावशीचा शब्द) आणि कोणाला एवढ्यात सांगू नकोस म्हणाली. हे तिने का म्हटलं असेल ते मला अजून कळलेलं नाही. लाजली असेल. किंवा माझा गळा कसा दाबायचा याचा विचार करत असेल.

तुम्ही म्हणाल, कोणी दुकानात फोन कसा केला नाही? केला ना. चार वेळा केला. मी चढ्या आवाजात (थोडासा चढ्या) म्हणालो, "महत्त्वाचं काम चाललंय, अर्धा तास गप्प बसा!" आणि वायर काढून ठेवली. त्यातला एक फोन संस्थेच्या अध्यक्षांचा होता.

एकोणिसावी सूचना मात्र माझा काळ ठरली. विनयाबद्दल लिहून झालं, मग मला वाटलं, तिच्या घरच्यांबद्दलही दोन चांगले शब्द असावेत. तर लिहिलं, 'तुझे बाबा म्हणजे साक्षात' आणि थांबलो. गेलं. 'सूचना. तुझे बाबा म्हणजे साक्षात. आपला, रामनाथ, सचिव.' त्यानंतर ग्रुपवर काहीही आलं नाही. 'साक्षात'नंतर मी एक अक्षर लिहिलेलं नाही, शब्दच सुचेना, ते वाक्य पुसलं आणि दुसरंच काहीतरी सुरू केलं. (त्यानंतर तासभर जे लिहिलं ते गेलं असतं तर मी हे पत्र दुबईहून लिहिलं असतं.) पण तेव्हापासून पुढचं जाणंच बंद झालं होतं. नेमकं तिथेच का बंद झालं ते मला माहीत नाही. नेल्सन म्हणतो, अर्नाळ्याची रेंज गेली असेल. मी म्हणतो, देव आहे.

साडेबाराला नेल्सन परत आला. त्याने माझा पडदा बघितला, मेकफाइल उघडली, आणि प्रिंटरची शाई हातातच धरून खुर्चीवर बसला. "अरे बाबा," तो म्हणाला, "तपास म्हणजे नुसतं बघायचं असतं." एवढ्यात रिक्षा थांबली. रामनाथकाका, कमरेपर्यंत ओले, मागे आठ माणसं. काका ओरडले असते तर मीही ओरडलो असतो, तेवढा माझा स्वभाव आहे. पण ते हळू बोलले.

"सूचना कोन लिवतो?"

नेल्सनने माझ्याकडे बोट दाखवलं. दोन्ही हातांनी.

"माजी पोर माज्याच हापिसात बसलेली, आनि मी तिला दर्यात शोदत व्हतो," काका म्हणाले. "रोनाल्ड नऊ वर्सांनी गल्यात पडला. आता त्याला काय सांगू? ह्ये मी लिवलंच नाय?"

मी म्हणालो, काका, माझंच चुकलं. ते म्हणाले, "ह्ये वाचलंय मी. तीनदा." आणि मग वाकून, अगदी कानाशी, "साक्षात काय?"

"अं?"

"तुझे बाबा म्हनजे साक्षात. साक्षात काय? अर्दा गाव म्हनतो देव. अर्दा म्हनतो यम. मी सोताबद्दल काय लिवनार व्हतो, म्हनून मलाच इचारतात. काय त्ये?"

मी सांगितलं, सुचलंच नाही काका. "मंग सुचव," ते म्हणाले. "आयतवारी अकराला, चर्चातली मिस्सा सुटल्यावर, संस्थेच्या हालात. समदे सभासद येतील. घरातला मोठा मानूस घेऊन ये आनि उभा ऱ्हाऊन वाक्य पुरं कर." मोठं माणूस कशाला हवंय ते विचारायची हिंमत झाली नाही. मला घरी उचलून न्यायला हवंय की दुसऱ्या कशाला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच काही समजत नाही.

विनयाचा निरोप नाही, काही नाही. आणि घरी आलो तर आई! त्या सूचना कोणीतरी पुढे धाडल्या, त्या फिरत फिरत आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आल्या. काल जेवताना आईने मला एकोणीसच्या एकोणीस वाचून दाखवल्या. कोणा खोडसाळ पोराने सचिवाच्या नावाने लिहिल्यात एवढं तिला कळलंय. पोरगा कोणता, ते कळलेलं नाही. "कोणाचं कार्टं आहे कोण जाणे," ती म्हणाली, "पण मेल्याचा जीव आहे हो तिच्यावर. आईबापांनी वळण मात्र काही लावलेलं नाही." आणि मला आणखी एक पोळी वाढली. मी ती खाल्ली मामा. अकरा दिवसांत पहिल्यांदा जेवलो. हादरल्यावर भूक लागते हे मला माहीत नव्हतं.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावा.

तुमचा, सध्या उठून उभा राहू न शकणारा भाचा,
परेश

ता.क. आईने कोकमं मागितली आहेत, सावकाश पाठवली तरी चालतील.

ता.क. २. खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण कोकमं नव्हेत. मामा, घरातलं मोठं माणूस म्हणजे तुम्हीच. शनिवारच्या गाडीने निघा. येताना आईला काय सांगायचं ते गाडीत ठरवा, कारण तेही तुम्हीच सांगायचंय. आणि चौतीस वर्षं तुम्ही लोकांच्या मजकुरातल्या गाळलेल्या जागा भरल्यात, तर माझी एवढी एक भरा. 'साक्षात' च्या पुढे काय घालू? देव म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. यम म्हटलं तर मी उरणार नाही. त्या माणसाकडे बघून दोनशे बारा जणांना पटेल आणि त्याच्या मुलीलाही आवडेल, असा एक शब्द हवा आहे. फार मोठा नको, उभ्याने सांगायचाय.

ता.क. ३. मी घराबाहेर पडत नाही, म्हणून पत्र नेल्सनकडे देतोय. तो आजच स्पीडपोस्टाने टाकेल. पाकिटाचा डिंक लागत नाहीये, तो दुकानात चिकटवेल.

मामा, नमस्कार. मी विनया. नेल्सनसरांना वसईला जायची घाई होती म्हणून त्यांनी पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. डिंक त्यांनीही लावला नव्हता. परेशचं लिहिलेलं तपासायची मला सवय आहे, म्हणून वाचलं. अबोला अकरा दिवसांचा नाही, नऊ दिवसांचा. पहिले दोन दिवस तोच बोलत नव्हता. तो 'थोडासा' ओरडला तेव्हा आगाशीच्या तळ्यावरची बगळ्यांची रांग उठली. आणि जर्नल त्याने टेबलावर ठेवलं नाही, परीक्षकांच्या चहावर आपटलं.

रेंज गेली नव्हती. फोनचं नेट मी बंद केलं. विसावी सूचना माझ्यासमोर पडद्यावर आली होती, जायच्या बेतात. 'तुझे बाबा म्हणजे साक्षात वाळका बोंबील.' ती मी माझ्या वहीत उतरवून घेतली आणि फोनमधून पुसून टाकली. तो म्हणतो, शब्द सुचला नाही. शब्द सुचला होता, मामा, आणि बरोबरही होता.

पहिली सूचना आली तेव्हाच मी नेट बंद करू शकले असते. 'मी इथेच आहे' असं ग्रुपवर लिहू शकले असते, तर सतरा बोटी वळल्या नसत्या. पण मग त्याचं वाक्य मधेच तुटलं असतं, आणि मला ते शेवटपर्यंत वाचायचं होतं. बाबांना हे सांगू नका.

रविवारी याच. शब्द तुम्ही सुचवा, तो सांगेल, बाबा ऐकतील. विसावी सूचना माझ्या वहीत राहील. लग्नानंतर आवाज चढला की काढीन.